चिंतामणराव देशमुख आणि रायपूरची जमीन

छत्तीसगडच्या आर्थिक भवितव्याची चर्चा निघाली की प्रथम पोलाद, सिमेंट, कोळसा आणि वीज यांची नावे घेतली जातात. रायपूरभोवतीचा सिलतरा आणि उरला येथील कारखान्यांचा पट्टा, बलौदाबाजारकडील चुनखडी, कोरब्याची वीजकेंद्रे हे या चर्चेचे ठरलेले थांबे. दुसरी बाजू धानाची. 2023 च्या खरिपापासून राज्य सरकार शेतकऱ्याला क्विंटलमागे 3,100 रुपये देते आणि एकरी 21 क्विंटलपर्यंत खरेदी करते. अशा भावाने तिजोरी किती काळ तग धरील, यावर अर्थतज्ज्ञांचे वाद चालू आहेत. या दोन्ही बाजूंच्या मुळाशी मात्र एकच जुना कागद आहे. कारखान्यासाठी जमीन घ्यायची असो वा सोसायटीत धान घालायचे असो, पटवाऱ्याच्या खसऱ्यात कोणाचे नाव आहे, हाच पहिला प्रश्न असतो. रायपूर जिल्ह्यातील हे कागद 1926 ते 1931 या काळात शेतोशेत फिरून ज्या अधिकाऱ्याने तपासून घेतले, तो रोह्याच्या मातीत वाढलेला तिशीचा मराठी तरुण होता. पुढे तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचा अर्थमंत्री झाला. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे चरित्र महाराष्ट्रात बहुधा 1956 च्या राजीनाम्यापासून उलटे वाचले जाते. ते रायपूरपासून वाचले तर निराळे दिसते.

त्यांचा जन्म 14 जानेवारी 1896 रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. वडील वकील, बालपण रोह्यात. 1912 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले आणि 1917 साली वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकावले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये झालेल्या आयसीएस परीक्षेतही पहिला क्रमांक त्यांचाच होता. या यशाचे कौतुक शंभर वर्षे चालू आहे. त्या विषयांची निवड मात्र दुर्लक्षित राहिली. माती, खडक आणि पीक यांचे शास्त्र शिकलेला माणूस मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या महसूल खात्यात दाखल झाला, आणि काही वर्षांत त्याला रायपूरच्या जमाबंदीचे काम मिळाले. त्या प्रांतात या कामाला बंदोबस्त म्हणत.

रायपूरचा महसूल मराठी वाचकाला अगदी परका नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर अठराव्या शतकाच्या मध्यापासून 1854 पर्यंत, मधल्या काही वर्षांची इंग्रजी देखरेख वगळता, चालला. गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ त्या अमलात होता, पण तो गावाचा मालक नव्हता. इंग्रजांनी 1860 नंतरच्या पहिल्या बंदोबस्तात त्याच माणसाला मालगुजार म्हणून मालकी बहाल केली. रायपूरचा तो पहिला अहवाल हेविट यांनी 1869 साली सादर केला. एका कारकुनी निर्णयाने हजारो कुळांच्या डोक्यावर मालक बसला. त्याच छत्तीसगडात गावची जमीन ठरावीक काळाने गावकऱ्यांत नव्याने वाटून घेण्याची लाखाबाटा ही पद्धत होती. चांगली आणि वाईट जमीन प्रत्येकाच्या वाट्याला आळीपाळीने यावी, हा तिचा हेतू. कायम हक्काची नोंद सुरू झाल्यावर ही पद्धत मागे पडत गेली. 1888 मध्ये रेल्वे रायपूरला पोचली, तांदूळ बाहेर जाऊ लागला आणि जमिनीला किंमत आली. मग 1896–97 आणि पाठोपाठ छप्पनचा दुष्काळ. गाडी तांदूळ नेत होती आणि गावे रिकामी होत होती. व्यापार वाढला म्हणजे पोट भरतेच असे नाही, हा धडा या जिल्ह्याने फार लवकर घेतला होता.

अशा जिल्ह्यात देशमुखांनी करावयाचे काम काय होते, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे, कारण त्यांच्या पुढील सर्व कारभाराची रीत तिथे दिसते. मध्यप्रांतात बंदोबस्त अधिकारी केवळ मालगुजाराने सरकारला द्यावयाचा सारा ठरवत नसे. कुळाने मालगुजाराला द्यावयाचा खंडही तोच ठरवी. बंगालच्या जमीनदारीत कुळाला हे संरक्षण नव्हते. प्रथम प्रत्येक शेताच्या मातीची प्रत लावायची. काळी कन्हार, तांबूस-पिवळी मटासी, दोहोंच्या मधली डोरसा आणि मुरमाड नापीक भाटा. मग शेताची जागा पाहायची. पाणी साचणारे खोलगट बहरा शेत आणि उंचवट्यावरचे टिकरा शेत एकाच मातीचे असले तरी एकाच मोलाचे नसते. या दोन्हींवरून प्रत्येक शेताला काही गुणांक मिळत. गावातील सर्व गुणांकांची बेरीज, गावाचा दर, जुना खंड, बाजारभाव, दळणवळण यांचा मेळ घालून नवा खंड निघे. मालगुजाराचे एकूण उत्पन्न ठरले की त्याचा साधारण निम्मा भाग सरकारचा. हजारो गावांत पटवारी आणि कानूनगो यांच्या नोंदी तपासायच्या, हरकती ऐकायच्या, आणि शेवटी एक आकडा लिहायचा. तो आकडा एका पिढीच्या ताटात किती भात राहील हे ठरवी.

वाजिब-उल-अर्ज नावाचा आणखी एक कागद याच कामात तयार होई. जळण कुठून आणायचे, गुरे कुठे चारायची, तळ्याच्या पाण्यावर हक्क कोणाचा, वाट कोणती, या गावच्या रूढी त्यात उतरवल्या जात. महसुलाच्या दृष्टीने या नोंदींची किंमत शून्य होती. त्या कागदाकडे शेवटी पुन्हा येऊ.

देशमुखांच्या बंदोबस्ताचा अंतिम अहवाल 1932 साली नागपुरातून प्रसिद्ध झाला. छत्तीसगडच्या इतिहासावर काम करणारे संशोधक तो आजही चाळतात. परंतु त्या कामावर नशिबाने एक क्रूर गाठ मारली. दर ठरवण्याचा पाया म्हणजे मागील वर्षांचे भाव. आणि 1929 च्या अखेरीस जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर घसरले. चढत्या भावांच्या काळात मोजलेला जिल्हा उतरत्या भावांच्या काळात सारा भरू लागला. 1930 मध्ये याच जिल्ह्यात जंगल सत्याग्रह पेटला. त्याआधी दहा वर्षे धमतरीजवळील कंडेल गावाने कालव्याच्या पाण्याच्या आकारणीविरुद्ध सत्याग्रह केला होता. पंडित रविशंकर शुक्ल रायपुरातूनच काँग्रेसचे राजकारण चालवत होते आणि तुरुंगात जात होते. देशमुख सरकारच्या बाजूला होते. ही गोष्ट झाकण्याचे कारण नाही. परकीय राज्याची तिजोरी भरण्याच्या यंत्रातील ते एक अत्यंत कुशल चाक होते, आणि 1944 मध्ये, बेचाळीसचे बरेच नेते अद्याप तुरुंगात असताना, त्यांनी सर हा किताबही घेतला. मात्र त्या यंत्रात राहून त्यांना जे कळले, ते बाहेरच्या फार थोड्या अर्थशास्त्र्यांना कळले होते. सरासरीने ठरवलेला आकडा वाईट वर्षी कोणाच्या मानेवर पडतो, हे त्यांनी कागदावर नव्हे, शेताच्या बांधावर पाहिले.

1931 च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत ते चिटणीसवर्गात होते. नंतर प्रांताच्या अर्थखात्याचे सचिवपद आले, आणि 1939 मध्ये रिझर्व्ह बँक. तेथील चढण झपाट्याची आहे: बँकेच्या मध्यवर्ती मंडळाचे सचिव, 1941 च्या डिसेंबरात डेप्युटी गव्हर्नर, आणि सर जेम्स टेलर यांच्या मृत्यूनंतर सहा महिन्यांनी, 11 ऑगस्ट 1943 रोजी गव्हर्नर. तो बंगालच्या दुष्काळाचा उन्हाळा होता. ब्रिटनच्या युद्धखर्चासाठी भारतात नोटा छापल्या जात होत्या आणि त्यांच्या बदल्यात लंडनमध्ये पौंड जमा होत होते. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम 100 कोटी पौंडांहून अधिक झाली. भारताने उपाशी राहून साठवलेली ती सक्तीची बचत होती, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

1944 च्या जुलैत ब्रेटन वुड्स येथे 44 देश नाणेनिधी आणि जागतिक बँकेची घडी बसवायला जमले, तेव्हा भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते. गुलाम देशाचे शिष्टमंडळ ही विचित्रच वस्तू. नेते जेरेमी रेझमन, सोबत षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ. तरी या मंडळींनी तिथे दोन गोष्टी लावून धरल्या. एक, थकलेल्या पौंडांचा प्रश्न. तो परिषदेने हाताळला नाही. दुसरी, अविकसित देशांच्या साधनसंपत्तीचा विकास हा नाणेनिधीच्या उद्दिष्टांत असावा, ही. ती भारताने मागितलेल्या शब्दांत आली नाही, तरी सर्व सदस्य देशांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख त्या करारात आला. उगवत्या अर्थव्यवस्था हा शब्दप्रयोग जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. योगायोगाचा भाग असा की त्याच सुमारास हे गव्हर्नर कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात उतरवत होते.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेला 30 जून 1948 पर्यंत पाकिस्तानच्याही चलनाचा कारभार पाहावा लागला. 1949 च्या आरंभी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वर्षी देशमुखांची बँकेतील कारकीर्द संपली, आणि 1950 मध्ये प्रथम नियोजन मंडळ व नंतर, जॉन मथाई यांच्या राजीनाम्यामुळे, अर्थमंत्रिपद आले. 1952 मध्ये कुलाब्याने त्यांना लोकसभेत पाठवले. ते पक्षाच्या राजकारणातले कधीच नव्हते. ही त्यांची ताकद होती आणि, जसे पुढे दिसले, हीच त्यांची एकाकी बाजूही होती.

अर्थमंत्री देशमुखांविषयी दोन परस्परविरोधी मते वाचायला मिळतात. कोणी त्यांना तिजोरी घट्ट धरणारे सनातनी म्हणतात, कोणी राष्ट्रीयीकरणाचे अग्रदूत. रायपूरचा बंदोबस्त अधिकारी डोळ्यांपुढे ठेवला तर हा विरोध विरून जातो. जे मोजलेले नाही त्यावर खर्च करायचा नाही. आणि जे मोजून सिद्ध झाले, तिथे कायदा करायला कचरायचे नाही, अशी ती रीत आहे. देशाचे उत्पन्न किती, हे सरकारला ठाऊक नव्हते. 1949 मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीत महालनोबिस, धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव होते. 1950 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपद देशमुखांनी 1945 पासून जवळजवळ दोन दशके सांभाळले. घराघरांत जाऊन खर्च विचारणाऱ्या अन्वेषकाची कल्पना पटवाऱ्याबरोबर हिंडलेल्या माणसाला समजावून सांगावी लागली नसावी.

ग्रामीण पतपुरवठ्याची गोष्ट तर या रीतीचा नमुनाच आहे. रिझर्व्ह बँकेने 1951–52 मध्ये 75 जिल्ह्यांतील 600 गावांत पाहणी करवली. गोरवाला समितीचा अहवाल 1954 च्या अखेरीस आला. समितीत गाडगीळही होते. शेतकरी जे कर्ज काढतो त्यातले सुमारे 70 टक्के सावकाराचे, सहकारी संस्थांचे अवघे 3 टक्के, आणि व्यापारी बँकांचे 1 टक्काही नाही, असे या पाहणीत दिसले. सात-आठ महिन्यांत, 1 जुलै 1955 रोजी, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत 400 नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यातच घातले गेले. मुदतीत ते पार पडले. 19 जानेवारी 1956 च्या रात्री देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. अडीचशेच्या आसपास कंपन्या आणि संस्था त्या एका वटहुकुमाने सरकारी ताब्यात आल्या. मृत्युकर 1953 साली त्यांनीच आणला. 1985 मध्ये तो रद्द झाला आणि संपत्तीच्या वारशावर कर असावा की नसावा, हा वाद आपण आजही त्याच ठिकाणी उभे राहून घालतो आहोत.

इथे एक हिशेब मांडला पाहिजे, आणि तो देशमुखांच्या बाजूने पूर्ण जमत नाही. विमा आणि बँका यांच्यातून गोळा झालेली बचत गावाकडे वळेल अशी अपेक्षा होती. ती प्रथम कारखान्यांकडे वळली. खुद्द रायपूरच्या शेजारी, दुर्ग जिल्ह्यात, भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहायचे ठरले तो करार 2 फेब्रुवारी 1955 चा. सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजाने आणि बारा हप्त्यांत फेडायचे. युद्धोत्तर भारताला त्याहून सोप्या अटी क्वचितच मिळाल्या. दहा लाख टनांचा कारखाना, राजहऱ्याचे लोखंड, आणि 1959 च्या फेब्रुवारीत पेटलेली पहिली भट्टी. त्या कारखान्याने छत्तीसगडला नोकऱ्या, शाळा आणि एक आधुनिक वसाहत दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु भिलाईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना मोबदला मिळाला तो कागदावरच्या नावाप्रमाणे. ज्याचे नाव कागदावर नव्हते, त्या वाटेकऱ्याला आणि बनिहाराला कारखान्याच्या बांधकामावर मजुरी मिळाली, मिळाली तर. मालगुजारी मध्यप्रदेशाने 1950 चा कायदा करून पुढच्या वर्षी संपवली. ते सरकार रायपूरच्याच शुक्लांचे. मालगुजार गेला, कुळ जमिनीचे मालक झाले. वाटेकरी कोणत्याच रकान्यात आला नाही. पतपाहणीने सावकार मोजला होता. वाटेकऱ्याला कर्ज तारणावर मिळायचे, आणि तारण म्हणजे जमीन, हे गणित स्टेट बँकेनेही बदलले नाही.

1956 हे वर्ष या चरित्रात दोन वाटांनी येते. मुंबई शहर केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय नेहरूंनी जानेवारीत जाहीर केला, मुंबईत गोळीबार झाले आणि माणसे मेली. देशमुखांनी लगेच राजीनामा देऊ केला. अंदाजपत्रकामुळे तो लांबला आणि जुलैत ते बाहेर पडले. त्यांच्या निवेदनात मुंबईचा प्रश्न होताच, पण त्याहून खोलवरचा आक्षेप पद्धतीवर होता. इतका मोठा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता घेतला गेला आणि गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हे त्यांना मान्य नव्हते. हरकत ऐकल्याशिवाय नोंद कायम करायची नाही, हा बंदोबस्ताचा पहिला नियम. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले ते भाषिक अस्मितेसाठी. तसे घेण्यात गैर काही नव्हते, फक्त त्या जयघोषात दुसरा मुद्दा बुडाला. त्याच पुनर्रचनेने 1 नोव्हेंबर 1956 रोजी रायपूरचे नागपूरशी असलेले नाते तुटले. विदर्भ मुंबई राज्यात आला, छत्तीसगड भोपाळच्या कारभाराखाली गेले. नागपूरने राजधानी गमावली, हे नागपूरकरांना सांगायला नको. रायपूरनेही काही गमावले: शंभर वर्षांचे दफ्तर, सवयीची कचेरी, आणि रेल्वेने एका रात्रीत गाठता येणारे सरकार. नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री शुक्लच झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी दिल्लीत वारले. रायपूरला पुन्हा आपले सरकार मिळायला 2000 साल उजाडावे लागले.

पुढची पंचवीस वर्षे देशमुखांनी संस्थांना दिली. विद्यापीठ अनुदान आयोग, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, इंडिया इंटरनॅशनल सेंटर, हैदराबादचे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज. 1953 मध्ये दुर्गाबाईंशी झालेल्या विवाहाने समाजकल्याणाच्या कामाशीही त्यांचे नाते जडले. 1959 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास उच्चपदस्थांच्या भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी एक कायमचे न्यायासन असावे, अशी मागणी त्यांनी केली आणि सत्ताधाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. 1969 च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते स्वतंत्र आणि जनसंघ यांच्या पाठिंब्याने उभे राहिले आणि तिसरे आले. ज्याने विमा सरकारी केला त्याला खासगी उद्योगाच्या पक्षाने उमेदवारी द्यावी, यात त्या वर्षीच्या राजकारणाची गंमत आहे. 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

रायपूर जिल्ह्याचे तेव्हापासून अनेक तुकडे झाले. धमतरी, महासमुंद आणि बलौदाबाजार आता स्वतंत्र जिल्हे आहेत. खसरा संगणकावर गेला आहे आणि भुइयाँ या संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. खरिपात पटवारी गिरदावरीला निघतो. कोणत्या शेतात धान आहे ही त्याची नोंद झाली की किती धान विकता येईल ते ठरते. अधिया किंवा रेगहा पद्धतीने दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याचे धान बहुतेक वेळा मालकाच्याच नावे तोलले जाते आणि पैसेही मालकाच्याच खात्यात येतात. 3,100 रुपयांतले किती कसणाऱ्याच्या हाती पोचतात हे त्या दोघांच्या बोलीवर अवलंबून. तिजोरीवरच्या बोज्याची चर्चा करणारे अर्थतज्ज्ञ या बोलीपर्यंत क्वचितच येतात.

राहिला तो वाजिब-उल-अर्ज. मालगुजारी गेल्यावर गावोगावच्या निस्तार हक्कांची नोंद करताना या जुन्या कागदाचा आधार घेतला गेला. 2006 चा वनहक्क कायदा आला, आणि त्याच्या नियमांत दाव्यासाठी पुरावा म्हणून जुने जमाबंदी अहवाल आणि सरकारी नोंदी ग्राह्य ठरल्या. गडचिरोलीत मेंढा-लेखाने निस्ताराच्या हक्कावरूनच आपली लढाई उभी केली होती, हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्या गावाच्या पूर्वेला, राज्याची सीमा ओलांडून, छत्तीसगडच्या ग्रामसभाही आता जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात अर्ज करतात आणि साऱ्यासाठी निरुपयोगी म्हणून तळाशी पडलेल्या त्या पानांच्या नकला मागतात: जळण कुठून आणत, गुरे कुठे चारत, वाट कोणती होती.